दोनच विषयांची शाळा

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांविषयी सध्या एकच सूर ऐकू येतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत येतो, सीएसआरचा निधी घेऊन आलेल्या मंडळींच्या सादरीकरणात येतो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत येतो, आणि आसनगाव-कसारा लोकलने ये-जा करणाऱ्या गुरुजींच्या गप्पांतही येतो. पोरांना धड वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी जमत नाही, मग परिसर अभ्यास, चित्रकला, कार्यानुभव हे लाड कशाला? आधी वाचन आणि गणित पक्कं करा, बाकीचं मागाहून बघू. हे इतकं रास्त वाटतं की त्याला विरोध करणारा माणूस कामचुकार मास्तरांचा वकील ठरतो. ठरलो तर ठरलो. कारण हे ‘मागाहून’ डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पोराच्या आयुष्यात उगवत नाही. चौथी संपते, पोर आश्रमशाळेत नाहीतर वीटभट्टीवर जातं, आणि जे मागाहून शिकवायचं होतं ते राहून जातं ते राहूनच जातं.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो. ‘असर’च्या शैक्षणिक पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की ग्रामीण महाराष्ट्रात तिसरीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. आकडे फुगवलेले आहेत, परकी माणसं बघून मुलं बुजतात, असली सारवासारव मला करायची नाही. 5 जुलै 2021 ला केंद्राने ‘निपुण भारत’ सुरू केलं आणि 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधे हिशोब यावेत असं ठरवलं. हेतूबद्दल तक्रार नाही. निपुणच्या कागदावरही ‘समजून’ हा शब्द ठळक आहे. तक्रार आहे ती कागद पाड्यावर पोचेपर्यंत त्याचं जे होतं त्याबद्दल. तिथे त्याचा अर्थ एवढाच उरतो की दोन विषय शिकवा, उरलेल्यांची पुस्तकं दप्तरात राहू द्या.

तसं व्हायला कारणही आहे. राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात भाषा, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांच्या. परिसर अभ्यासाची अशी चाचणी नाही. ज्याचा पेपर नाही त्याचे गुण ऑनलाइन भरायचे नाहीत, ज्याचे गुण भरायचे नाहीत त्याबद्दल वरून फोन येत नाही, आणि ज्याबद्दल फोन येत नाही ते काम चार वर्ग एकट्याने सांभाळणारा शिक्षक सगळ्यात शेवटी करणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

आता मुद्द्याचं बोलू. ‘आधी वाचन, मग ज्ञान’ हा क्रमच चुकीचा आहे. अक्षर ओळखणं, काना-मात्रा लावणं, जोडाक्षर फोडणं ही वाचनाची पहिली पायरी, आणि ती रोजच्या सरावानेच येते. त्यापुढे मात्र वाचन म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे त्यावर छापलेलं ओळीओळीने बसवत जाणं. अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी 1988 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्च्या पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा चांगला समजला. किन्हवलीच्या पोराला बागेतली घसरगुंडी, वाढदिवसाचा केक आणि प्राणिसंग्रहालयाची सहल यांवरचे उतारे देऊन त्याची ‘आकलन पातळी’ काढणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा डोळ्यांपुढे आणावा. आपण त्याचं वाचन मोजतो आहोत की त्याच्या बापाचा पगार?

याच पोरापुढे उतारा शेवळ्यांचा ठेवा. पहिला पाऊस पडला की शहापूर-मुरबाडच्या जंगलात शेवळं जमिनीतून वर येतात, आणि बायका ती टोपलीत भरून बाजाराला नेतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खवखवतो. म्हणून त्यांच्यासोबत काकडं घालतात, म्हणजे त्याच दिवसांत मिळणारी छोटी आंबट फळं. हे तिसरीच्या ठाकर मुलीला सांगावं लागत नाही, तीच सांगेल. आता बाईंनी फळ्यावर तिनेच सांगितलेली चार वाक्यं लिहिली आणि तिलाच वाचायला लावली, तर ‘खवखवतो’ हा शब्द फोडताना ती अडखळेल, पण सोडून देणार नाही, कारण पुढे काय आहे ते तिला माहीत आहे. मग प्रश्न येतो: काकडं घातल्यावर खाज का जाते? इथे विज्ञान सुरू झालं. वाटा केवढ्याला विकला, दहा वाट्यांचे किती झाले? इथे गणित. कुठल्या उतारावर मिळतात, गेल्या वर्षीपेक्षा कमी का मिळाली? इथे भूगोल आला, आणि जंगल कोणाचं हा नागरिकशास्त्राचा प्रश्नही आला. तासभराच्या या धड्यात वाचन किती आणि परिसर अभ्यास किती, हे कोणी वेगळं करून दाखवावं. ‘लाड’ म्हणून जो विषय दप्तरात राहिला, वाचनाचं इंधन त्याच्यातच होतं.

गणिताचं तर याहून सरळ आहे. दिवाळी झाली की इथली अनेक कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी मालकाकडून बयाणा घेतलेला असतो, तिथे आठवड्याला खर्ची मिळते, आणि हंगाम संपल्यावर हिशोब होतो. समजा, हजार विटांना 800 रुपये दर ठरला आणि नवरा-बायकोने मिळून 90 हजार विटा पाडल्या. झाले 72 हजार. बयाणा 30 हजार, खर्ची आठवड्याला हजार याप्रमाणे 24 आठवड्यांची 24 हजार. हातात यायला हवेत 18 हजार. मालकाच्या वहीत मात्र खर्ची 28 हजार लिहिलेली आहे. चौथी शिकलेला मुलगा बापाशेजारी बसून हातच्यासकट वजाबाकी करतो: 72 वजा 30 वजा 28, उरले 14. वजाबाकी बरोबर, हिशोब खोटा. निपुणच्या कसोटीवर हे पोर उत्तीर्ण आहे आणि घरचे चार हजार गेले आहेत. ते वाचवायचे तर त्याला आठवडे मोजता यायला हवेत, कॅलेंडर वाचता यायला हवं, आपली वेगळी नोंद ठेवायची असते हे कळायला हवं, आणि बयाण्यापायी माणूस बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे हे कोणीतरी कधीतरी वर्गात बोललेलं असायला हवं. यातलं गणिताच्या पेपरात काय येतं? फक्त वजाबाकी.

भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने याच जुन्या ठाणे जिल्ह्यात भोंगा शाळा चालवल्या, मजुरांच्या भोंग्यांशेजारी, म्हणजे झोपड्यांशेजारी, भोंगा बांधून. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणात जाऊन शाळा नेली. या बायांनी मुलांना आधी नुसती बाराखडी घोटायला लावून, जग नंतर दाखवू असं म्हटलं नव्हतं. पाला, बिया, शंख, गाणी, गोष्टी आणि अक्षरं त्यांनी एकाच बैठकीत आणली. हा सगळा वारसा आपल्याच जिल्ह्यातला होता. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला तेव्हा नकाशासोबत आठवणही तिकडे गेली की काय, कोण जाणे.

आता आकड्यांचीच गोष्ट. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असं वाचन सुचवलं गेलं आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात, लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा पडतो, म्हणून हा एक जादा पर्याय आहे. टीव्हीवर मराठीचा मृत्यू जाहीर करणाऱ्यांतले किती जण पाड्यावरच्या दुसरीच्या वर्गात बसले होते, विचारू नये. मला या वादात मुरबाडची एक गोष्ट कुणीतरी काढेल असं वाटत होतं, कुणी काढली नाही. वैशाखऱ्याहून नाणेघाटाची पायवाट चढली की माथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, सातवाहनांची लेणी लागते. राणी नागनिकेच्या तिथल्या लेखात यज्ञांची दक्षिणा मोजून लिहिली आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांत हे अंक मोजले जातात. तेव्हा शून्य नव्हतं आणि स्थानमूल्यही नव्हतं. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं. दोनशे एकोणनव्वद लिहायचे तर दोनशेचं चिन्ह, मग ऐंशीचं, मग नवाचं. म्हणजे कोरणारा ‘दोनशे ऐंशी नऊ’ अशाच क्रमाने जात होता! तिसरीच्या मुलाला एकक-दशक-शतक शिकवायला याहून चांगला धडा कुठे मिळणार? दरवेळी वेगळं चिन्ह लागत होतं तिथे आता जागेवरून किंमत कळते, हे त्याला त्या लेखाच्या चित्रावरून दाखवता येतं. पण लेणी पडली ‘इतिहासात’, आणि इतिहास पडला ‘मागाहून’मध्ये.

शहापूरच्या मुलांसाठी आणखी एक उदाहरण रोज वर्तमानपत्रात छापून येतं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची पूर्ण क्षमता मिळून 14,47,363 दशलक्ष लिटर, त्यातलं एकट्या भातसाचं 7,17,037. चौथीच्या मुलाला शेवटचे आकडे झाकून फक्त 14 आणि 7 दाखवा, तो सांगेल: निम्मं. यात 1892 चं तानसा मिळवलं तर साठ टक्क्यांच्या आसपास पाणी एका शहापूर तालुक्यातून जातं. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. दहा हजार लिटरच्या टँकरमधून प्रत्येक घराला किती हंडे, हा भागाकार मुलं उभ्या उभ्या करतात, कारण रांगेत तीच असतात. हा प्रश्न गणिताच्या तासाला विचारायचा की परिसर अभ्यासाच्या? ज्यांना दोनच विषय हवे आहेत त्यांना कदाचित हा प्रश्न कुठल्याच तासाला नको असेल. तेही एक कारण असू शकतं, पण ते कोणी बैठकीत बोलत नाही.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीने जिल्हावार काढलं, ठाण्याचं वेगळं. चौथीत शिवछत्रपती. आसनगाव स्टेशनातून माहुलीचे सुळके दिसतात. 1636 मध्ये शहाजीराजे त्या किल्ल्यावर वेढ्यात अडकले आणि निजामशाहीचा खेळ संपला. तिकडे मुरबाडच्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे ते लोक. दरवर्षी त्या तारखेला तिथे माणसं जमतात, पुढाऱ्यांच्या गाड्या लागतात. पायथ्याच्या शाळेतलं पोर ते सगळं बघतं, आणि वर्गात आल्यावर त्याला सराव पुस्तिकेतलं ‘कमल नमन कर’ धर्तीचं वाक्य दिलं जातं. अशा पोराला वाचनाची गोडी का लागत नाही, यावर पुन्हा एक प्रशिक्षण होतं.

इथे माझ्या बाजूने बोलणाऱ्या काही भल्या माणसांनाही थांबवलं पाहिजे. त्यांचं म्हणणं, आदिवासी मुलांना निसर्गच शिकवतो, त्यांना झाडंपाखरं ठाऊक आहेत, बाराखडीचा जाच कशाला. हे ऐकलं की माझा पारा वर जातो. स्वतःची मुलं इंग्रजी माध्यमात घालून दुसऱ्याच्या पोराने निरक्षर राहण्यातलं सौंदर्य बघायचं, ही चैन त्यांनी आपल्या घरी करावी. शेवळं ओळखणारी मुलगी जमिनीची नोटीस वाचू शकली नाही, तर उपयोग काय? समृद्धी महामार्ग याच शहापुरातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. भूसंपादनाचे कागद कोणी वाचले आणि कोणी नुसते अंगठे उठवले, हे गावागावात विचारून पाहा. मुरबाडच्याच फांगणे गावात 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी साडीतल्या साठी-सत्तरीच्या आज्या पाटी घेऊन बसल्या. त्या बातमीचं कौतुक देशभर झालं, पण त्यांच्या नातवंडांवर तरी ती वेळ येऊ नये एवढी साधी अपेक्षा त्यात दडलेली होती. तेव्हा अक्षर हवंच, रोज हवं, घोटून हवं. माझं भांडण अक्षराला जगापासून तोडण्याशी आहे.

काही जण उपाय सुचवतात तो पडद्याचा. शहापूरच्या पष्टेपाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला तेव्हा राज्यभरातून माणसं बघायला आली, आणि त्याच्यामागे ‘डिजिटल शाळा’ची लाट आली. त्या शिक्षकाचं श्रेय त्याला. पण नक्कल करणाऱ्यांनी पडदा उचलला, शिक्षक तिथेच राहिला. मग गावोगावी लोकवर्गणीतून स्क्रीन आले, आणि वीजबिल भरायला पैसे नाहीत म्हणून कापडाखाली गेले. (2016 च्या डिसेंबरात मुरबाडचं धसई ‘कॅशलेस गाव’ म्हणून जाहीर झालं होतं. यंत्र आणलं की माणूस बदलतो, ही आपली श्रद्धा जुनीच.) पडद्यावर येतंही तेच: दोन विषय, रंगीत, आवाजासह.

राहता राहिला वेळेचा आक्षेप, आणि तो मात्र वजनदार आहे. एक शिक्षक, चार वर्ग, वर मतदार यादी, सर्वेक्षणं, ॲप. एवढ्यात सगळे विषय कसे होणार? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास, म्हणजे दिवसाला चार तास. आता ‘प्रथम’ या संस्थेच्या ज्या पद्धतीचा दाखला दोन-विषयवाले देतात, मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याचा, ती पद्धत खरोखर गुणकारी आहे. अर्थतज्ज्ञ बॅनर्जी-दुफ्लो यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. पण ती दिवसाला तास-दोन तास मागते, चारही तास मागत नाही. त्यांच्याच औषधाच्या मात्रेनुसार निम्मा दिवस मोकळा राहतो. आणि बहुवर्ग शाळेत तर परिसर अभ्यास हाच एकमेव विषय आहे जो चारही इयत्तांना एकत्र बसवून घेता येतो. विहिरीची पातळी मोजायला गेलं तर पहिलीतला चित्र काढेल, तिसरीतला दोरीच्या विती मोजेल, चौथीतला तारीखवार तक्ता करेल. भाषा आणि गणित चार पातळ्यांवर वेगवेगळं शिकवावं लागतं, जीव तिथे जातो. म्हणजे वेळ वाचवायला जो विषय काढला तोच वेळ वाचवणारा होता.

शिक्षक खरंच कमी आहेत, हे मान्य. राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा हजारोंनी आहेत, आणि त्यांचं काय करायचं यावर सरकार कधी समूह शाळा म्हणतं, कधी सेवानिवृत्त शिक्षक कंत्राटी नेमू म्हणतं. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, इथला पट वस्ती विखुरल्यामुळे कमीच राहणार. पण मग भांडण शिक्षकांसाठी करा. शिक्षक देता येत नाही म्हणून अभ्यासक्रम कापायचा आणि त्याला ‘प्राधान्यक्रम’ म्हणायचं, ही लबाडी आहे.

अमेरिकेने हा प्रयोग करून बघितला. 2002 मध्ये कायदा आला, वाचन आणि गणिताच्या परीक्षांवर शाळांचं भवितव्य टांगलं, आणि अनेक जिल्ह्यांत समाजशास्त्र, विज्ञान, कला यांचे तास आटले. सर्वांत जास्त आटले ते गरीब वस्त्यांच्या शाळांत, कारण नापास होण्याची भीती तिथेच होती. श्रीमंतांच्या शाळा सगळंच शिकवत राहिल्या. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या शाळेत जाऊन कोणी सांगून दाखवावं की तुमच्या मुलांना दोनच विषय पुरेत. पालक त्याला फाटकाबाहेर काढतील.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा त्यांच्या समोरची मुलं आजच्या पाड्यावरच्या मुलांहून अक्षराला जास्त पारखी होती. तरी त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशोब एवढ्यावर समाधान मानलं नाही. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे सगळं त्यांनी त्याच प्राथमिक शाळेत मागितलं. मागाहून नाही. ज्याला पुढे शिकायला मिळण्याची खात्री नाही, त्यालाच पहिल्या चार वर्षांत सगळं चाखायला मिळालं पाहिजे, हा त्यामागचा हिशोब साधा होता. 140 वर्षांनी आपण त्यापेक्षा कमी मागतो आहोत आणि त्याला सुधारणा म्हणतो आहोत.

तेव्हा शिक्षण विभागाने एवढंच करावं. मूल्यांकन चाचणीच्या भाषेच्या पेपरात एक उतारा आणि गणिताच्या पेपरात दोन उदाहरणं तालुक्याची घालावीत, तालुक्यातल्या शिक्षकांनी लिहिलेली. आणि चावडी वाचनाला, म्हणजे गावासमोर मुलांचं वाचन बघायला, साहेब येतील तेव्हा मुलाच्या हातात छापील गोष्टीचा कागद देण्याऐवजी त्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली रोजगार हमीची यादी वाचायला सांगावी: किती दिवस काम झालं, किती मजुरी निघाली, त्याच्या आईचं नाव त्यात आहे का. चावडीत बसलेल्या मोठ्या माणसांचं लक्षही मग मुलाच्या वाचनाकडे जरा जास्त लागेल, आणि ग्रामसेवकाचंही.